येतो म्हणा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मावशी कडक भाकरी विकतात. भाकरी घेऊन कुणी "जातो" म्हटलं, की त्या हाक मारून त्याला परत बोलावतात. "जातो न्हाय, येतो म्हन की!" तसं म्हटल्याशिवाय सुटका नाही. ऑफिसला उशीर होत असला की मला या हट्टाचा रागच यायचा.

त्यांच्या नवऱ्याचा रक्ताचा कॅन्सर औषधांनी गेला आणि परत आला. "तवा त्यो येतो म्हनून गेला आसंल," मावशी म्हणाल्या. हसावं की काय करावं, मला कळेना. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी नवा उपचार सुचवला. नवऱ्याच्याच रक्तातल्या लढणाऱ्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि पुन्हा अंगात सोडायच्या. पेशी काढायच्या दिवशी इस्पितळात सोबतीला मी गेलो होतो. पेशींची पिशवी डब्यात ठेवून प्रयोगशाळेचा माणूस "चला, जातो" म्हणाला आणि मावशी दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"येतो म्हना."

तो हसला. मावशी हसल्या नाहीत. त्यानं "येतो" म्हटलं, तेव्हाच बाजूला झाल्या.

काही आठवड्यांनी पिशवी परत आली, सलाईनसारखी टांगली गेली. "आलासा व्हय?" मावशींनी पिशवीलाच विचारलं, दारात आलेल्या पाहुण्यांना विचारावं तसं. मग नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून त्या आतल्या आजाराला म्हणाल्या,

"आन् तू रं? तू मातर जातो म्हन."