देवाच्या पानाला सोबत

गोदाकाकीला पोचवून माणसं परत आली, त्या दिवशी मी देवळाकडे पाठ फिरवून घरी गेले. तोंडवलीच्या बाजूला आमचं गाव. रवळनाथाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय इथे कुणी पेरणीला हात लावत नाही, आणि मी शाळेत शिकवणारी असले तरी त्याच रीतीत वाढलेली. पण त्या दिवशी त्याचं तोंड बघावंसं वाटेना. काकी तापाने गेली, असं सगळे म्हणाले. मी मात्र तिला शेवटची आंघोळ घातली होती. पोट पाठीला लागलं होतं. चुलीशेजारच्या डब्यात मूठभर कोंडा होता. रोज सकाळी तिच्या घरातून धूर निघायचा, म्हणून आम्ही शेजारी निर्धास्त होतो. ती नुसतं पाणी तापवत होती.

मुंबईत गिरण्या बंद पडून वर्ष होत आलं होतं. गावातली कितीतरी घरं मुलांच्या मनिऑर्डरीवर चालायची. आता पोस्टमन त्या दारांवरून मान खाली घालून जायचा. तरणी माणसं मजुरी शोधत बाहेर पडली. मागे उरलेली म्हातारी माणसं उपासाबद्दल काही बोलत नव्हती. काकीनंतर मी एकेकाच्या घरात जाऊन बसू लागले, तेव्हा कळलं की न बोलणारी ती एकटीच नव्हती. देवावरचा राग मी कामात घातला. भजनी मंडळाच्या लोकांना गाठलं. देवळासमोर दोन बुवांची डबलबारी, म्हणजे भजनांचा सामना, ठेवला, आणि ऐकायला येणाऱ्याने शेरभर तांदूळ आणावा, असं ठरवलं. आजूबाजूच्या वाड्यांतून माणसं आली. सभामंडपाच्या कोपऱ्यात पोती उभी राहिली. लाऊडस्पीकरवरून पुन्हा पुन्हा सांगितलं जात होतं, की हे तांदूळ गावातल्या उपाशी म्हाताऱ्यांसाठी आहेत. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुरचुंड्या घरोघर पोचवल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या माझ्या पायरीवर परत आल्या. तात्या आपली पुरचुंडी स्वतः घेऊन आले. आयुष्यभर मचव्यावर खलाशी असलेले, बायको गेलेली, एकुलता मुलगा गिरणीत. काठीवर दोन्ही हात ठेवून ते म्हणाले, "बाये, माझो झील जितो आसा अजून. माका भिकेचो तांदूळ नको." पुरचुंडी पायरीवर ठेवून ते निघाले, आणि घरापर्यंत जाताना दोनदा काठीवर टेकून थांबले.

मी हरले. तांदूळ पडून राहिले, त्यात किडे होऊ लागले. एका दुपारी देवळात गेले ती गुरवाला सांगायला, की पोती दुसरीकडे पाठव. गाभाऱ्यासमोर उभी राहिले, पण हात जोडले नाहीत. मनात म्हटलं, माझ्याने हे होत नाही, तुझी माणसं तू सांभाळ. त्याला रागाने बोलले. शरण जाणं वगैरे माझ्या डोक्यातही नव्हतं.

वळले तर खांबाला टेकून एक म्हातारी बसलेली. गावातली नव्हती. मालवणला लेकीकडे चालले होते, एसटी चुकली, म्हणाली. जवळ एक गाठोडं. "बाये, हय कायतरी खावक मिळात काय?" तिने सरळ विचारलं. इतके दिवस कुणी मला असं सरळ मागितलं नव्हतं. गुरवाने देवळामागे चूल पेटवली, मी भात टाकला, कुळथाची पिठी केली. पान वाढलं तर ती हात लावीना. "माका एकट्यान घास उतरणा नाय गो. कोणाक तरी बोलव."

सगळ्यात जवळचं घर तात्यांचं. मी दारातूनच सांगितलं, देवळात पाहुणी आली आहे, तिच्या सोबतीला कुणी नाही. तात्या उठलेच. "पावणीक एकट्याक जेवक घालतत? ही खंयची रीत?" अंगात सदरा घातला, आणि वाटेवरच्या दोन घरांतूनही हाक मारून म्हाताऱ्यांना बरोबर घेतलं. पंगत बसली. पहिला घास तोंडात गेला तेव्हा तात्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. त्यांचं ते जेवणं मला बघवेना, मी चुलीपाशी जाऊन बसले. परत येऊन पाहते तो पाहुणी वाटेला लागली होती. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पुढे ती कधी दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या पुन्हा आले. इकडे तिकडे बघून त्यांनी विचारलं, "आज कोण पावणो?" गुरव नैवेद्याचं ताट घेऊन आत निघाला होता. तो चालता चालता म्हणाला, "ह्यो काय आत बसलो आसा. तेकाय एकट्यान जेवची सवय नाय." तात्यांनी क्षणभर गाभाऱ्याकडे पाहिलं, आणि खाली बसले.

तेव्हापासून आमच्या देवळात रोज दुपारी पंगत बसू लागली. म्हातारी माणसं देवाला सोबत करायला येत. तांदूळ संपत आले की लोक आणून ओतत, त्यासाठी लाऊडस्पीकर पुन्हा लावावा लागला नाही. तरी सगळं नीट झालं असं नाही. काहींच्या अंगात जेवण पचवण्याचीही ताकद उरली नव्हती. त्या पावसाळ्यात आणखी दोघं गेली. तात्यांचा मुलगा परतला तो खोकला घेऊन, रिकाम्या हाताने. आषाढात तात्यांनी अंथरूण धरलं. मी पेज घेऊन गेले, पण मनात भीती होती. इथे पाहुणा नव्हता, देऊळ नव्हतं, नुसती मी आणि माझ्या हातातली वाटी. त्यांनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग "घाल गो," म्हणाले, आणि लहान मुलासारखं तोंड उघडलं.

चार घास गेले. दुसऱ्या दिवशी तात्या गेले.

ती म्हातारी कोण होती, यावर गावात पुष्कळ बोललं गेलं. मी त्यात पडत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की मी तांदूळ जमवले होते, आणि ते कुणाच्या पोटात जाईनात. मी हात टेकले त्या दुपारी पंगत बसली. तात्यांनी मला "घाल" म्हटलं, तेव्हा देणारी मी नव्हते. त्यांनी मला घालू दिलं. ते माझ्या पदरात पडलं, याबद्दल मी रवळनाथाचे उपकार मानते.