गाडीला कलम नाही

"थांब गं, आधी दिसू दे," असं म्हणून बाई डोळे मिटायच्या आणि उजव्या हाताचं बोट हवेत धरायच्या. ते बोट खाली येईपर्यंत समोरच्यानं बोलायचं नाही. दूध उतू गेलं तरी नाही. एकदा मीच आत जाऊन त्यांचा गॅस बंद केला आणि परत येऊन बसले. बोट तसंच वर होतं.

गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत त्या माझ्या समोरच्या दारात राहायच्या, एकट्या. सरकारच्या कायदे खात्यात मुंबईला सगळी नोकरी करून निवृत्त झालेल्या. मंत्री भाषण करतात, सभागृह हात वर करतं, पण कायद्याची वाक्यं कुणीतरी बसून लिहावी लागतात. ती लिहिणाऱ्यांपैकी बाई एक. अशी माणसं तुम्हाला ओळखू यायची नाहीत, आपल्यासारखीच दिसतात. फक्त कुठलंही वाक्य ऐकलं की त्याला भोक कुठे आहे ते शोधतात.

सोसायटीनं फाटकावर पाटी लावली, 'येथे वाहने लावू नयेत.' बाई चेअरमनना म्हणाल्या, "गाडी चालू ठेवून कुणी आत बसून राहिला तर? त्यानं वाहन लावलं की नाही लावलं?" चेअरमन हात जोडून म्हणाले, "बाई, ही सोसायटी आहे, विधानसभा नाही." भाजीवाला तर त्यांच्या मजल्यावर यायलाच कचरायचा. "ताजी म्हणजे कधीची?" या प्रश्नावर तो एकदा म्हणाला, "तुमच्याकडं येताना वकील आनावा लागंल." बाई मनापासून हसल्या आणि त्याच्याकडची सगळी मेथी घेतली.

हिवाळ्यात नदीवरचं धुकं आमच्या गॅलरीपर्यंत येतं. समोरची झाडं पुसली जातात, शाळेच्या बसचा नुसता आवाज येतो. अशा सकाळी बाई शाल गुंडाळून, डोळे मिटून बसलेल्या असायच्या. काय करताय विचारलं तर म्हणायच्या, "कलमात फिरतेय." कायदा लिहिण्याआधी त्यातून चालून यावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना तो रिकाम्या घरासारखा दिसायचा. भिंतींवरून हात फिरवत जायचं, वारा लागला की समजायचं, इथून कुणीतरी निसटणार.

मी जिल्ह्याच्या बालसंरक्षणाच्या कामात आहे. पोलीस ठाणं, बालगृह, कोर्टाच्या पायऱ्या यांत माझा दिवस जातो. मला वारा वगैरे लागत नाही. साक्षीदार आला की नाही, एवढं कळतं. तरी संध्याकाळी चहा त्यांच्याकडेच व्हायचा.

सुमनची केस मी त्यांना तिथेच सांगितली. सुमन हे तिचं खरं नाव नाही. सुरगाण्याकडच्या पाड्यावरची, बारा वर्षांची. एका अधिकाऱ्याच्या मेहुण्यानं तिला 'शिकायला नेतो, सरकारी योजना आहे' असं सांगून आणली आणि त्या अधिकाऱ्याच्याच सरकारी बंगल्यात कामाला जुंपली. सकाळपासून रात्रीपर्यंत धुणी, भांडी, दोन लहान पोरं. झोपायला जिन्याखाली. दोन पावसाळे ती पाड्यावर गेली नाही, मग आम्ही तिला सोडवलं. आणली होती ती सरकारी जीपमधून, पुढच्या काचेवर लाल अक्षरांत 'महाराष्ट्र शासन' लिहिलेल्या.

बाईंचं बोट वर गेलं. बराच वेळ वर राहिलं.

"अधिकारी काय म्हणतो?"

"मला माहीत नव्हतं, गाडी न विचारता नेली, मुलगी बायकोची नातेवाईक समजलो."

"आणि मेहुणा सरकारी नोकर नाही."

"बेकार आहे."

"मग बघ," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "नोकर असता तर ज्यादा शिक्षेचं काहीतरी लावता आलं असतं. माणूस खासगी, म्हणून तो साध्या कलमात जातो. बंगला सरकारी, जीप सरकारी. पण गाडीला कलम नाही."

त्या दिवसापासून बाई त्या एका कलमामागे लागल्या. सरकारी गाडी, सरकारी जागा, सरकारी यंत्रणा, काहीही वापरून मुलाचं शोषण केलं, तर करणारा सरकारी असो वा नसो, शिक्षा जास्त. मी म्हटलं, "सुमनला याचा उपयोग नाही. नवी शिक्षा जुन्या गुन्ह्याला लागत नाही, एवढं मलाही कळतं."

"तिला नाही. पुढची गाडी निघाली असेल, तिच्यासाठी."

पण कलम लिहून होईना. एके दिवशी म्हणाल्या, "मला त्या आईकडे ने. इथून दिसत नाहीये मला."

एसटीनं सुरगाणा, तिथून काळी-पिवळी जीप आणि पुढे पायी. वाटेत उतारांवर नागली, म्हणजे नाचणी, उभी होती, तिच्यावरून ढग इतके खालून जात होते की बाई एकदोनदा हात पुढे करून चालल्या. ओहोळाजवळ पोचल्यावर त्या म्हणाल्या, "मी इथे आधी आलेय असं वाटतंय." मी म्हटलं, "तुम्ही नाशिकच्या पुढे कधी आला नाहीत, पायाखाली बघा."

सुमनची आई कुडाला टेकून बसली होती. कोर्टात बचावाचा वकील तिला विचारून गेला होता, तूच पोरीला गाडीत बसवलीस ना? तेव्हापासून ती फारसं बोलत नव्हती. बाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. कोंबड्या इकडून तिकडे गेल्या. शेवटी तीच म्हणाली,

"मीच चढवली. माज्या पोरीचं पाय चिखलानं भरलं व्हतं. सरकारची गाडी, घान नको व्हायला. म्हनून हांडा आनला, तिचं पाय धुतलं, पदरानं पुसलं, मंग चढवली."

बाईंनी तिचा हात धरला नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. त्या फक्त म्हणाल्या, "दुसरी कुणाची गाडी असती तर?"

"दुसऱ्याच्या गाडीत पोर कोन देल?"

मग परत निघालो. काळी-पिवळीत माणसं एकमेकांच्या मांडीवर बसली होती, कुणाच्या तरी पिशवीत कोंबडा होता, काचेबाहेर डोंगर विरघळत होते. या वेळी बाईंचे डोळे उघडे होते आणि दोन्ही हात मांडीवर. मला जरा काळजी वाटली. घरी पोचल्यावर त्यांनी कुलूप काढता काढता एवढंच सांगितलं, "लिहून होईल आता."

झालं. चार ओळींचं कलम. मला वाचून दाखवलं तेव्हा त्यात 'शासनावरील विश्वासाचा लाभ घेऊन' असे शब्द होते. मी म्हटलं, कोर्टात विश्वास मोजणार कसा? त्या म्हणाल्या, "खरं आहे." आणि ते शब्द काढले. पण काढताना मुलाचं खेळणं उचलून ठेवावं तशा त्या वाकल्या होत्या.

एका आमदारांच्या कार्यालयात आम्ही तीनदा गेलो. त्यांचा सहायक पहिल्या दिवशी हसला. "म्हणजे जीपला जन्मठेप द्यायची का आजी?"

"जीपला नको रे. जीपच्या पुण्याईवर चोरी करतो त्याला."

तो हसायचा थांबला. पुढे त्यानंच ते कलम आमदारांसमोर नेलं. अशासकीय विधेयक म्हणून, म्हणजे सरकारच्या नव्हे तर एका आमदाराच्या नावानं, ते मांडलंही गेलं. बाईंनी त्या दिवशी टीव्ही लावला, पण तेवढ्या कामकाजाला कोण कॅमेरा लावतो? नंतर चर्चेला त्याचा नंबर येता येता अधिवेशन संपलं. मग सभागृहाची मुदत संपली, आणि विधेयक बुडालं. मी चिडले होते. बाई म्हणाल्या, "बुडालं म्हणजे तळाशी आहे. नाहीसं नाही झालं."  नवं सभागृह आल्यावर त्यांनी ते पुन्हा पाठवलं.

मेहुण्याला शिक्षा झाली, साध्या कलमाखाली. अपील केलं, जामिनावर सुटला. जप्त केलेली जीप पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहिली. तिच्यात गवत वाढलं, टपावर गारवेल चढली, निळी फुलं आली. मी कामासाठी जायचे तेव्हा ती एखाद्या झोपलेल्या जनावरासारखी वाटायची. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "अक्षरं दिसतात का अजून?" मी म्हटलं, "दिसतात." 

बाई मार्गशीर्षात गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या आणि उठल्याच नाहीत. भाचा आला, दोन दिवसांत घर रिकामं करून गेला. त्यांचं कलम अजून कायद्यात आलेलं नाही. नव्या सभागृहात त्याचं काय झालं, हे सहायकाला फोन करून मी विचारते. तो म्हणतो, "बघतो मॅडम."

यंदा शाळाबाह्य मुलांच्या कामासाठी मी त्या पाड्यावर गेले, ऑफिसच्या जीपनं. ओहोळाच्या अलीकडे रस्त्यावर आडवा बांबू बांधलेला होता. आमच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. पलीकडून चारपाच बायका आल्या, पुढे सुमनची आई.

"गाडी आथंच. मानसं चालत या."

"अगं सरकारी गाडी आहे," ड्रायव्हर म्हणाला. "दिसत नाही का?"

"दिसं म्हनूनच."

मी उतरले. तिनं मला नीट पाहिलं. "तू कोन? कशाला आली?"

"मला ओळखत नाहीस? कोर्टात बरोबर होते तुझ्या."

"वळखते. तरी सांग."

मी सांगितलं. नाव, काम, कुणाच्या घरी जायचंय, परत कधी निघणार. मागच्या बायका ऐकत होत्या. एकीनं मध्येच विचारलं, "आनि पोरं नेनार का?" मी म्हटलं, "नाही. इथल्याच शाळेत घालायचीत." मग आपसात कुजबुज झाली.

"ती म्हातारी नाय आली?" सुमनच्या आईनं विचारलं.

"ती नाही राहिली."

तिनं बांबूवर हात ठेवला. ओहोळाचं पाणी चालू होतं. मग म्हणाली, "आली असती तं तिला पन चालतच यावं लागलं असतं."

"आली असती," मी म्हटलं.

तिनं बांबू उचलला नाही. मी वाकून त्याच्याखालून गेले.