एका पुस्तिकेच्या चार नकला

कुंभकोणमच्या तालुका कचेरीसमोर मी आयुष्यभर अर्ज लिहीत बसलो. शाळा माझी आठवीपर्यंतच झाली. तथापि माझ्या मसुद्यात खोट काढणारा कारकून मी पाहिला नाही, हे नमूद करणे भाग आहे. आता मनगट दुखते, आणि त्या साऱ्या अर्जांपैकी एकच पुन्हापुन्हा आठवतो.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दारासुरमच्या शाळेतील एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. नोकरीत नव्या, अजून कायम न झालेल्या. हातात एका शिबिरातून उसनी आणलेली तमिळ पुस्तिका होती. रेशीम रंगवल्यावर उरलेले पाणी कोठे सोडावे, मातीचा कस कसा राखावा, आज आपण वापरतो ते पुढच्यांनाही कसे उरावे, हे त्यात मुलांना कळेल अशा शब्दांत आणि चित्रांत सांगितले होते. महिन्याभरात ती परत करायची होती. नाचियारकोविल आणि पापनाशम येथील त्यांच्या दोन मैत्रिणी, त्याही शिक्षिकाच, तीच पुस्तिका मागत होत्या.

"अय्या, चार ओळी लिहा. आणखी प्रती मिळतील का, एवढंच विचारायचं आहे."

"टीचरम्मा, चार ओळींच्या कागदावर साहेब कॉफीचा पेला ठेवतात," मी म्हणालो.

मी तीन पाने लिहिली. गाऱ्हाणे नसलेला अर्ज टेबलावरून हलत नाही, हा माझा अनुभव. म्हणून 'अधिकाऱ्यांच्या अनास्थेमुळे बालके ज्ञानापासून वंचित' असे लिहिले, आणि तळाशी नेहमीप्रमाणे 'प्रत माहितीसाठी सादर' म्हणून वरच्या पाच कचेऱ्यांची नावे घातली.

त्या वाचून घुटमळल्या. "यात मी भांडते आहे असं वाटतं."

"वाटलंच पाहिजे."

माझ्या वयाकडे पाहून त्यांनी सही केली.

पुस्तिका आल्या नाहीत, मेमो आला. मुख्याध्यापकांना डावलून तक्रार का केली, याचा सात दिवसांत खुलासा करावा. त्या मेमो घेऊन आल्या. ओरडल्या असत्या तर मला सोपे गेले असते.

"पुस्तकं मागायला सांगितलं होतं, अय्या. तुम्ही माझी नोकरीच सोबत पाठवून दिलीत."

त्या दुपारी मी एका पानाचा खुलासा लिहिला. त्यात कोणाविरुद्ध काही नव्हते. 'आधीच्या अर्जातील भाषा शिक्षिकेची नसून अर्ज लिहिणाऱ्याची आहे' असे लिहून खाली मी स्वतःची सही केली. दुसऱ्यांच्या सह्यांसाठी जागा सोडण्यात जन्म गेला. आपली करताना हात जड झाला. प्रकरण ताकीद देऊन मिटले, परंतु त्यांचे कायम होणे वर्षभर लांबले.

त्या दुपारी पुस्तिका परत करायला मात्र नऊच दिवस उरले होते.

"तुमच्याकडे कार्बन आहे ना?" त्यांनी विचारले.

एकाखाली एक चार कागद, मध्ये तीन कार्बन, आणि जोर देऊन लिहिणे. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात मी आठवडाभर उतरवत राहिलो. पहिल्याच पानावर मी भाषा थोडी भारदस्त केली होती. त्यांनी पान परत दिले. "जसं आहे तसंच उतरवा. मुलं काही साहेब नाहीत." चित्रांच्या जागा कोऱ्या सोडल्या, त्या शाळेतल्या विणकरांच्या मुलांनी भरल्या. रंगाची कढई पुस्तिकेतल्यापेक्षा बरी निघाली, कारण ती त्यांच्या परसात होती.

एक नक्कल शाळेत राहिली. दुसरी बसच्या कंडक्टरबरोबर नाचियारकोविलला गेली, तिसरी पापनाशमला. चौथी फार पुसट होती, ती माझ्याकडे उरली. मूळ पुस्तिका मुदतीत परत गेली. सवयीने प्रत्येकीच्या तळाशी 'प्रत माहितीसाठी सादर' लिहिलेच होते. खाली यावेळी मागणाऱ्या शाळांची नावे होती.

पुढल्या वर्षी त्या कायम झाल्या. आल्या त्या दुसरी उसनी पुस्तिका घेऊनच. मी सवयीने अर्जाचा कागद पुढे ओढला.

"कागद राहू द्या, अय्या," त्या म्हणाल्या. "कार्बन काढा."

मनगट तेव्हाही दुखतच होते. मी कार्बन काढला.