नव्या भट्टीची पहिली वीज

आमच्या अप्पांचा एक हट्ट होता. नव्या मागावरची पहिली चादर विकायची नाही, ती घरातल्याच कुणाच्या तरी अंगावर पडली पाहिजे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत ते माग चालवायचे. मालक कुरकुरायचा, पण अप्पांच्या तोंडाला कोण लागणार! मी अशाच एका पहिल्या चादरीत वाढले. अजूनही डोळा लागताना कानात कुठंतरी लांब मागाचा धोटा सूत घेऊन खटाक-खटाक करत जातो, आणि मगच मला झोप येते.

पुढं मी सरकारी अणुवीज कंपनीत इंजिनिअर झाले. लांब समुद्राकाठी आपल्याच लोकांनी आखलेली नवी अणुभट्टी उभी राहत होती. तिच्या नळ्यांचे सांधे तपासायचं काम माझ्याकडं. सुट्टीला घरी गेले की अप्पांचं सुरू, "तुमची ती चूल पेटली का न्हाय?"

"अप्पा, ती पेटत नसते. आत अणू फुटतात, त्या उष्णतेनं पाण्याची वाफ होते."

"म्हंजे चूलच की!"

घ्या! एवढं शिकून काय उपयोग?

एकदा म्हणाले, "नव्या भट्टीची पहिली वीज कुणाला?"

"कुणाला म्हणजे? सगळ्या तारांत मिसळून जाते ती. ओळखता येत नाही."

"ते काय न्हाय. पहिली आपल्या घरात आली पायजे. मला बघायचीय."

मी हसण्यावारी नेलं असतं. पण अप्पांना काचबिंदू होता. कडेकडेनं अंधार आत सरकत होता, आणि गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. इकडं आमचं चाललेलं, एक झडप पुन्हा तपासा, एक चाचणी पुन्हा घ्या. या कामात घाई चालत नाही, करूही नये. तरी माझा जीव टांगणीला. संध्याकाळी समुद्रावरून धुकट उजेड यायचा, भट्टीचा घुमट त्यात तरंगल्यासारखा दिसायचा, आणि वाटायचं, आत कुणीतरी भला मोठा माग मांडून ठेवलाय, धोटा तेवढा सोडायचा राहिलाय.

शेवटी भट्टी सुरू झाली, आणि एका दुपारी तिची वीज तारांना जोडली. आत मोबाईल चालत नाही. मी गेटपर्यंत पळत गेले आणि घरी फोन लावला. अप्पा सकाळपासून मेन स्विच बंद करून उकाड्यात बसले होते. जुनी वीज घरात नको, पाहुणी रिकाम्या घरात यावी म्हणे!

"अप्पा, सोडली बघा. लावा बटण."

खटका ऐकू आला. मग पुन्हा एकदा, आणखी एकदा.

"आली गं पोरी," अप्पा म्हणाले. "लई लख्ख!"

गेटवरच्या शिपायासमोर मी ढसाढसा रडले. लाज वाटली नाही.

पुढच्या सुट्टीत आई भाकरी थापताना बोलून गेली, "त्या दिवशी? अगं, दुपारभर आख्ख्या गल्लीत लाईटच नव्हती की. दिवेलागणीला आली."

मी अप्पांकडं वळले. ते दाराकडं तोंड करून बसले होते. एव्हाना त्यांना समोर दार आहे, एवढंच कळायचं.

"अप्पा, मग लख्ख काय दिसलं तुम्हाला?"

मांडीवरची चादर चाचपत ते म्हणाले, "तू इतकी वर्सं राबलीस, सोडली म्हणून पळत येऊन सांगितलंस. मग आली न्हाय म्हणू व्हय तुला?"