पिंजऱ्यातली अहिराणी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहिताना चूक झाली तर झाली, मी काही ते कोणाकडून तपासून घेणार नाही.

नाशकात शहराच्या कडेला एक लहान प्राणीबाग आहे. तिथं जनावरं सांभाळण्यात माझा जन्म गेला. हरणं, माकडं, मोर, एक चिडकं अस्वल. सगळ्यांचं केलं, पण सांगायचं आहे ते बिबट्याच्या एका मादीचं.

ऊसतोडणीत सापडलेलं पिल्लू ते. पाय मोडलेला, आई पुन्हा फिरकली नाही. पाय जुळला पण वाकडा, त्यामुळे रानात सोडायची सोय राहिली नाही. आमच्याकडं आली ती कायमची. बाटलीनं दूध मी पाजलं, आणि पाजताना माणूस जे काही बडबडतो ते मी अहिराणीत बडबडलो. मी सटाण्याकडचा. घरात बायकोशी अहिराणी, बाहेर शहरातली मराठी, असा माझा रिवाज. बागेत चुकून तोंडून अहिराणी गेली की बाकीचे कामगार म्हणायचे, बोलला बघा बागलाणचा कांदा. मादी तसलं काही म्हणायची नाही.

पुढं बायको गेली. मुलगा सिन्नरला कारखान्यात आहे. नातवंडं माझं बोलणं ऐकून तोंडावर हात धरून हसतात. मुलगा एकदा म्हणाला, आबा, पोरांशी जरा नीट बोलत जा. मी म्हणालो, हेच नीट आहे. तेव्हापासून तिकडं जाणं सणापुरतं. म्हणजे माझी बोली बोलायला एक तीच उरली. ती ऐकून घ्यायची आणि शेपटीचं टोक हलवायची. तेवढं मला पुरत होतं.

बिबट्याचं सगळं काम हाकेवर चालतं. पुढं मोठा पिंजरा, मागं कोठडी, मध्ये लोखंडी सरकतं दार. ते बाहेरून साखळीनं ओढायचं. कोठडीत मांस ठेवून हाक मारायची. जनावर आत आलं की दार सोडायचं आणि पुढचा पिंजरा धुवायला घ्यायचा. हाकेला आलंच नाही तर खाणं अडलं, धुणं अडलं, औषधपाणी अडलं. मी म्हणायचो, "ये वं माय, भूक लागनी का तुले?" की ती आळस देत, लंगडत यायची. दुसऱ्या कोणाच्या हाकेला ती कान सुद्धा हलवायची नाही. मी रजेवर गेलो की बागेच्या साहेबांचा फोन ठरलेला, या बाबा, तुमची लेक रुसलीय. मी अर्धी रजा टाकून परत यायचो. बायको होती तोवर कुरकुरायची. मला मात्र तो फोन आला की ऊर भरून यायचा.

निवृत्त झालो तरी याच कारणानं मला रोजंदारीवर ठेवून घेतलं. मग हर्निया निघाला. डॉक्टर म्हणाले, वजन ओढायचं नाही. मी पोटाला पट्टा बांधून साखळी ओढत राहिलो. साहेबांना कळलंच. त्यांनी समोर बसवून चहा दिला आणि सांगितलं, हा महिना शेवटचा. तोवर तिला दुसऱ्या कोणाच्या तरी हाकेची सवय लावा, नाहीतर म्हातारी उपाशी मरेल.

दुसरं कोणी म्हणजे हरणांकडं काम करणारी एक बाई. सुरगाण्याकडची, चाळिशीची, मला मामा म्हणायची. मी तिला पहिल्याच दिवशी बजावलं, मी बोलतो तसंच बोलायचं, अक्षर इकडचं तिकडं नको. ती बिचारी हरणांना चारा टाकताना माझी अहिराणी घोकायची. पण तिचा हेल डोंगरातला. ती हाक मारायची आणि मादी मान फिरवून बसायची. मी पिंजऱ्याच्या बाजूला चिंचेआड उभा राहून ऐकायचो आणि दर वेळी तिची चूक काढायचो. संध्याकाळी मांस जसंच्या तसं बाहेर काढावं लागायचं. मादीच्या बरगड्या दिसायला लागल्या. साहेब म्हणाले, दोन दिवस तुम्हीच घाला, मग पुन्हा बघू. मी घातलं, तिनं खाल्लं. बाई पुन्हा उभी राहिली, पुन्हा तेच.

शेवटी बाई बिथरली.

"मामा, ही हाक तुमच्या गळ्यातली हाय. माझी मला मारू द्या."

"तुझी तिला कळायची नाही."

"तुमची कळत व्हती हे कोणी सांगितलं तुम्हाला? तिनं?"

तिनं हातातली बादली खाली ठेवली.

"आणि त्या चिंचेमागं उभं राहू नका. तिला तुमचा वास येतो. मामा हायेत म्हटल्यावर ती माझ्याकडं कशाला बघंल?"

मी डबा उचलला आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. रागानं गेलो नाही, असं त्या वेळी मी शेजाऱ्यांना सांगितलं. भाकरी करायचो, अर्धी तव्यावरच राहायची. फोन उशाशी. वाजला तर साहेबांचा असणार, या बाबा, लेक रुसलीय. तो वाजावा असं वाटायचं. आणि तिच्या बरगड्या डोळ्यांपुढं आल्या की वाजू नये असं वाटायचं. दिवसभर दोन्ही वाटायचं. विचारायला दुसरं माणूस घरात नव्हतं.

वाजला तेव्हा बाई होती.

"मामा, आली आत."

"काय म्हणालीस?"

"काय म्हणायचं? लेकीला जेवायला बोलावते तसं बोलावलं. आमच्या बोलीत."

"खाल्लं?"

"हाडं बी नाय ठेवली."

चांगलं झालं, म्हणालो मी. फोनवर तिच्या पाठीमागं पिंजरा धुतल्याचा, पाण्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, आता एकदा येऊन बघून जा, लांबूनच. मी म्हणालो, नको. मी दिसलो तर ती पुन्हा तुझ्या हाकेला यायची नाही, तिचे हाल होतील. बाईला ते पटलं. साहेबांनाही मी हेच सांगितलं, त्यांनाही पटलं. बाई अजून अधूनमधून फोन करते, मादीची तब्येत सांगते, आणि दर वेळी तेच विचारते, आणि मी दर वेळी तेच सांगतो.

पण एकटा बसलो की दुसरंच मनात येतं. मी जाऊन कठड्याशी उभा राहिलो, हाक मारली, आणि तरी ती उठून त्या बाईकडंच गेली तर? ते बघायला मी अजून गेलेलो नाही.