पंपाच्या पेटीतला हिरवा दिवा

उरणकडच्या आमच्या मिठागरावर खाडीचं पाणी वाफ्यांत चढवायला पंप होता, आणि त्या पंपाला हळू-जोरात चालवणारी एक पेटी. ड्राइव्ह म्हणतात तिला. तुम्ही म्हणाल, चौथी शिकलेल्या बाईला हे काय ठाऊक? अहो, आमचे हे गावातले पंप, मिक्सर दुरुस्त करायचे. शेजारी बसून बसून मीही कथील वितळवून तारा जोडायला शिकले.

त्या पेटीच्या पोटात आणखी एक छोटा सप्लाय असतो. पंपाला वीज देणारा भाग वेगळा, हा फक्त पेटीचं स्वतःचं डोकं जागं ठेवतो. तो गेला की बाकी सगळं धडधाकट असून पेटी मुकी. त्याला पहिला धक्का द्यायला बोटाच्या पेराएवढा कपॅसिटर असतो. आमचा सुकत आला होता. तसा चालू असेपर्यंत चालतो, पण वीज तोडली की पुन्हा उठत नाही. हे हसून म्हणायचे, "म्हातारा हाय तो, बसला का उठायचा न्हाय. मेन स्विचला कुनी हात लावू नका. हंगाम सरला का बदलतो."

हंगाम सरायच्या आधी हेच गेले.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की आगर थांबवतात. संध्याकाळी धाकटे दीर आले. "वैनी, आगराची काळजी नको करू. सगला बंद केलाय. मेन स्विचपन."

भावाच्या मानासाठीच केलं होतं बिचाऱ्यांनी. मी म्हटलं, "भावजी, परत लावून बघा." गेले, आले. "पेटीचा हिरवा दिवा येत न्हाय."

जागेच्या मालकांनी आधीच बजावलं होतं, यंदा मीठ निघालं तर आगर तुमच्याकडे, नाहीतर जागा कंटेनर ठेवायला देणार. आणि वाफा सुकला की मीठ चिखलाला धरतं. "पेटी घरी आणा, मी करते," म्हटलं, तर बायका कडाडल्या, "नवरा गेलाय हिचा, आन् हिला मशीन सुचतंय!" तेराव्यापर्यंत उंबरा ओलांडायचा नाही, हत्याराला हात नाही. बसले.

तेरावं झालं तशी आगरावर गेले. आत साठलेली वीज उतरेपर्यंत थांबले, ह्यांनी शिकवलं होतं तसं. ह्यांनी आणून ठेवलेला नवा कपॅसिटर प्लस-मायनस बघून लावला. हिरवा दिवा लागला. पंपही लागला. पाणी वाफ्यात पडलं आणि भेगांतून खाली गेलं. मीठ काळं होऊन मातीला चिकटलं होतं.

बांधावरून दीर म्हणाले, "झाला ना चालू, वैनी?"

"झाला."

ते दिव्याकडेच बघत राहिले. वाफ्यांकडे त्यांनी बघितलं नाही. थोड्या वेळाने मीच पंप थांबवला. मेन स्विच मात्र चालूच राहू दिला. मालकांचा माणूस वायर कापायला आला, तोवर दिवा लागलेलाच होता.