कांबळे मास्तरांचा मऊ सूर

चंदगडच्या पलीकडे डोंगरात एक वाडी आहे. आमची एसटी तिथं मुक्कामाला जायची. पावसाळ्यात पहाटे धुकं इतकं दाट असे की स्टेअरिंगवर बसल्यावर मला माझ्याच गाडीची काच तेवढी दिसायची. अशा वेळी गाडीच्या मागून क्लॅरिओनेट सुरू होई. आमचे कंडक्टर कांबळे मास्तर टपाच्या शिडीला पाठ टेकून, भातखाचरांकडे तोंड करून वाजवत उभे असत. मग धुक्यातून एकेक माणूस त्या सुराच्या रोखानं येई. डोक्यावर इरलं घेतलेली बाई, दुधाची किटली घेतलेला म्हातारा, कॉलेजच्या मुली. वाडीत गाडीसाठी घड्याळ कुणी बघत नसे. "मास्तर वाजवायल्यात, म्हंजे गाडी अजून हाय," एवढा हिशेब पुरे असे. शेवटचा माणूस चढला की मास्तर वाद्य पुसून पेटीत ठेवत, दोनदा घंटी वाजवत, आणि आम्ही गडहिंग्लज, निपाणी, कागल करत कोल्हापूरला येत असू.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी त्या गाडीचा ड्रायव्हर. ते क्लॅरिओनेट मास्तरांच्या वडिलांचं. ते लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. मास्तर स्वतः वरातीत कधी वाजवत नसत. का, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "आण्णा, तिथं कोन ऐकतंय? समदी नाचत्यात." गाडीत सुट्ट्या पैशांवरून कुणी अंगावर आलं तर ते शांतपणे म्हणायचे, "पावणं, फुंक जपा. मानसाला मोजकीच मिळत्या." भांडणारा माणूस गोंधळून खाली बसायचा.

वाडीच्या ओलीनं शेवटी वाद्याला धरलंच. भोकांवरच्या गाद्या फुगल्या, स्प्रिंगा गंजल्या, लाकडाला केसाएवढी चीर गेली. खालचे सूर उमटेनात. आम्ही दोघं कोल्हापुरात गंगावेशीमागं उस्मानचाचांकडे गेलो. जुनी वाद्यं दुरुस्त करण्यात चाचांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी एकेक चावी सोडवून फडक्यावर मांडली. लाकडाची काळी नळी उघडी पडली, तेव्हा मास्तरांनी मान वळवली. आजारी माणसाचे कपडे काढताना घरचे वळवतात, तशी.

"पुरं ओव्हरहॉल लागंल," चाचा म्हणाले. "गाद्या, बुचं, स्प्रिंगा, सगळं नवीन. चीर भरायची, लाकूड तेलात मुरवायचं. अठराशे रुपये."

"अठराशे?" मास्तर म्हणाले. "चाचा, एसटीचं इंजिन न्हाय आणलं मी."

"इंजिन सोपं असतंय, मास्तर. त्येला गोड वाजायला लागत न्हाय."

नेमक्या त्याच आठवड्यात दाताच्या डॉक्टरांनी मास्तरांना सांगितलं की वरचे पुढचे चार दात हलताहेत, ते काढून कवळी बसवावी लागेल. खर्च जवळजवळ तेवढाच. वहिनींची भिशी लागली होती. ते पैसे त्यांनी रुमालात बांधून नवऱ्याच्या हातात दिले. मास्तर घरातून दवाखान्याला निघाले आणि गंगावेशीला पोहोचले.

संध्याकाळी डेपोत भेटले तेव्हा मी विचारलं, "आणि वहिनींना काय सांगणार?"

"दात काढून घेतो की. सरकारी दवाखान्यात फुकट काढत्यात. बसवायलाच पैसं पडत्यात."

आणि खरोखरच ते चारही दात काढून आले. वहिनी आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. त्या आठ दिवसांत भाकरी मात्र रोज कडक भाजली. मी घरी गेलो तेव्हा म्हणाल्या, "बघा भावजी, तोंड इकून बाजा दुरुस्त केला ह्यांनी."

महिन्यानं वाद्य परत आलं. लाकूड पाण्यातल्या दगडासारखं चकाकत होतं. मास्तरांनी ते ओठांना लावलं, डोळे मिटले, फुंकलं. नुसती हवा फसकन निसटली. पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. वरच्या दातांचा आधार गेला होता, ओठांच्या कडेनं श्वास सांडत होता. ते धावतच चाचांकडे गेले. चाचांनी वाद्य हातात घेऊन असं वाजवलं की समोरच्या दुकानातला माणूस वजनकाटा धरून उभाच राहिला.

"बाजात काय खोट न्हाय," चाचा हळूच म्हणाले. "तुमचं तोंड बदललंय."

त्या जुलैत वाडीची पहाट मुकी झाली. मी हॉर्न वाजवत असे. पण डोंगरात हॉर्न चारी बाजूंनी परत येतो. एके दिवशी गंगूआक्का नावाची म्हातारी गाडी गाठायला निघाली आणि उलट दिशेला ओढ्यापर्यंत गेली. गडहिंग्लजला तिच्या लेकीचं बाळंतपण होतं. आम्ही वाट पाहून निघालो होतो. दुसऱ्या दिवशी ती भेटली तेव्हा भिजून तापली होती. "मास्तर, तुमी का वाजवत न्हाईसा? हॉर्न समदीकडनंच येतोय." मास्तरांनी तिचं तिकीट फाडलं आणि पैसे स्वतःच्या खिशातून टाकले.

त्या दुपारी ते पुन्हा चाचांकडे गेले. चाचांनी एकच गोष्ट सांगितली. खालचा ओठ आत घेता तसा वरचाही आत घ्या, दातांची गरज नाही, काही जुनी माणसं तसंच वाजवायची. त्यानंतर डेपोतल्या विश्रांतीच्या तासात मास्तर टायरांच्या ढिगामागं बसून फुंकत राहिले. ओठ सुजले, हिरड्या सोलवटल्या. चहा थंड करून प्यायचे. मी म्हणायचो, "सोडा मास्तर." ते मान हलवायचे, कशासाठी ते कळायचं नाही.

गणपतीच्या आसपास एका पहाटे मी वाडीत गाडी पुसत होतो. मागून काहीतरी ऐकू आलं. आधी वाटलं, लांबच्या धनगरवाड्यात कुणी गुणगुणतंय. मग ओळखलं. पूर्वीचा सूर टोकदार होता, धुकं कापत जायचा. हा धुक्यातच मिसळलेला होता, ओला, मऊ, कापसासारखा. तो ऐकायचा तर चालता चालता थांबावं लागे. वाडीची माणसं तशी थांबत थांबत, न बोलता आली. गंगूआक्का गाडीत चढताना म्हणाली, "मास्तर, आज लई लांबनं वाजवलासा." मास्तर म्हणाले, "हितंच हुतो की."

पुढं ते निवृत्त झाले. मिळालेल्या पैशांतून वहिनींनी हाताला धरून नेऊन त्यांना कवळी बसवली. मास्तर चांगले देखणे दिसू लागले. एकदा त्यांनी कवळी लावूनच वाजवून बघितलं. तोच जुना, टोकदार सूर लख्ख निघाला. मी खूश झालो. ते मात्र थोडा वेळ ऐकल्यासारखे बसले, मग कवळी काढून शर्टाच्या खिशात ठेवली आणि पुन्हा वाजवू लागले. वहिनी आतून चहा घेऊन आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी मास्तर गेले. झोपेतच गेले. मी पोहोचलो तेव्हा घरात माणसं भरली होती. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी शेजारी बसलो. त्या म्हणाल्या,

"भावजी, लोक इचारत हुते, त्यास्नी कवळी लावायची का, चेहरा बरा दिसंल म्हनून. मी म्हटलं, नगं. वाटंत वाजवावं वाटलं, तर उगच आडवी यायची."